भांड्याला तोंड लावू नये

रोकडे बाई माणसाच्या डोळ्यांकडे बघत नसत, तोंडाकडे बघत. नमस्कार होण्याआधीच त्यांची नजर समोरच्याच्या ओठांवर जाऊन थांबायची, आणि तिथे जे दिसेल त्यावरून बाई त्या माणसाबद्दल मत बनवायच्या. बहुतेकांबद्दल ते वाईटच असे. मला उद्देशून त्यांनी उच्चारलेलं पहिलं वाक्य "डॉक्टर, आधी तोंड मिटा" हे होतं. मी त्या वेळी एक अक्षरही बोलत नव्हतो. दातांचा एक साचा हातात घेऊन बघत बसलो होतो, आणि बघताना माझं तोंड नेहमीप्रमाणे उघडं होतं. वाकडे दात सरळ करणारा तज्ज्ञ अशी पाटी लावून उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये मला तीन वर्षं झाली होती. माझ्याशी असं बोलायची माझ्या आईखेरीज कोणाची हिंमत नव्हती. बाई आता नाहीत. असत्या तर हे लिहितानाही माझं तोंड उघडं आहे, हे त्यांनी दारातूनच सांगितलं असतं.

त्या दिवशी त्या भाच्याला घेऊन आल्या होत्या. त्याच्या पुढच्या दातांमधली फट मी दीड वर्ष तारा लावून मिटवली होती. तारा काढल्या, आणि सहा महिन्यांत फट परत हजर. मी नेहमीचं उत्तर दिलं, की मुलाने तारा काढल्यावर घालायची प्लेट नीट वापरली नसेल. हे उत्तर आम्हा लोकांना कॉलेजातून बाहेर पडतानाच पाठ असतं आणि ते जन्मभर पुरतं. बाईंनी ते ऐकूनही घेतलं नाही. त्यांनी पर्समधून कोटाचं एक मोठं बटण काढलं. त्यात दोरा ओवलेला होता. बटण त्यांनी पोराच्या दातांपुढे, ओठांच्या आत ठेवलं, "ओठ मीट" म्हणाल्या, आणि दोरा हलकेच ओढला. बटण सुळकन बाहेर आलं.

"बघितलंत? ओठात जोर नाही," त्या म्हणाल्या. "आणि हा पाणी गिळतो ना, तेव्हा दर घोटाला जीभ दातांना आतून ढकलते. तुम्ही बाहेरून तार लावून मागे ओढणार, हा दिवसभर आतून पुढे ढकलणार. तुमची तार दीड वर्षांची, जीभ जन्माची. कोण जिंकणार ते तुम्हीच सांगा, तुम्ही शिकलेले आहात."

त्या गोष्टीला जिभेचा धक्का म्हणतात, हे मला ठाऊक होतं. परीक्षेत त्यावर चार गुणांची टीप लिहून मी पास झालो होतो. पण जीभ जागेवर आणायची कशी, हे ना मला कोणी शिकवलं होतं ना मी कोणाला विचारलं होतं. जिभेला तार लावता येत नाही, आणि ज्याला तार लावता येत नाही ते आमच्या लेखी नव्हतंच.

बाईंना ते कसं ठाऊक, तर त्या मुक्या-बहिऱ्या मुलांच्या शाळेत पंधरा वर्षं बोलायला शिकवत होत्या. ऐकू न येणाऱ्या मुलाच्या तोंडून 'त' काढायचा तर जीभ नेमकी कुठे टेकवायची हे आधी दाखवावं लागतं. त्यातूनच बाईंना मुलांच्या जिभांचा, ओठांचा आणि गालांचा सगळा कारभार कळत गेला. एक दिवस शाळेने मंजूर यादीत नाव असलेल्यांना ठेवलं आणि बाईंना घरी पाठवलं. कारण त्या करत होत्या त्या कामाच्या नावाचं पदच यादीत नव्हतं. अंबरनाथला राहायच्या, नवरा आनंदनगरच्या एका कारखान्यात होता. मी त्यांना आठवड्यातले तीन दिवस यायला सांगितलं आणि जुने साचे ठेवायची खोली रिकामी करून दिली. हे मी मोठ्या मनाने केलं असं मला तेव्हा वाटत होतं.

त्या खोलीत एक आरसा, चार खुर्च्या, बटणांचा डबा आणि एका वाटीत भिजवलेला साबुदाणा, एवढीच सामग्री असे. बटणं कॅम्पातल्या शिलाईच्या कारखान्यांतून मूठभर मिळायची. साबुदाण्याचा दाणा जिभेच्या टोकावर घ्यायचा, वरच्या दातांच्या मागे जिथे खरखरीत लागतं तिथे टेकवायचा, दात दातावर, ओठ मिटलेले, आणि तसंच पाणी गिळायचं. दाणा तिथेच राहिला तर गिळणं बरोबर. दाणा पाण्याबरोबर गेला तर परत पहिल्यापासून. हे शंभर वेळा, दोनशे वेळा, महिनोन्‌महिने. मधून मधून बाई विचारायच्या, "जीभ जाग्यावर आहे का?" मुलं मान हलवायची. जीभ जागेवर ठेवून 'हो' म्हणता येत नाही, आणि जो 'हो' म्हणायचा तो पकडला जायचा.

पालक म्हणायचे, बाई, सवयच आहे हो त्याला. हे वाक्य बाईंना सहन होत नसे. "सवय पोटातून घेऊन कोणी येत नाही," त्या म्हणायच्या. "कोणीतरी शिकवलेली असते. फक्त शिकवणारा विसरतो आणि शिकणाऱ्याला कळत नाही."

पहिल्याच महिन्यात त्यांनी माझ्याकडे एक गोष्ट मागितली. खाली जिन्यात त्यांच्या नावाची एक पाटी. नाव आणि खाली काम. मी म्हणालो, "बाई, या कामाला अजून नावच कुठे आहे?"

"म्हणूनच पाटी पाहिजे," त्या म्हणाल्या. "शाळेत मी 'ती बोलायला शिकवणारी' होते. इथे मी 'ती जिभेची बाई'. कामाला नाव नसलं डॉक्टर, की कोणीही येऊन करतं आणि कोणीही येऊन बंद करतं. माझं एकदा बंद झालंय."

मी 'बघू' म्हणालो. हे 'बघू' पुढे सहा वर्षं चाललं. बाई दर दिवाळीला विचारायच्या आणि मी दर दिवाळीला सांगायचो, की कायद्यात बसतं का ते बघावं लागेल. आमच्या जिन्यात त्या वेळी एका हस्तरेषावाल्याची पाटी होती, टकलावर केस उगवून देणाऱ्याची होती, आणि एका इसमाची तर नुसती 'सल्लागार' अशी होती. कशाचा ते शेवटपर्यंत कोणालाच कळलं नाही. या सगळ्यांना कायदा आडवा आला नव्हता. तो फक्त बाईंच्या वेळी आडवा यायचा, आणि कायदा म्हणजे मी होतो.

आमच्या दंतवैद्यांच्या मंडळाला मी एकदा बाईंचं काम दाखवलं. मंडळ म्हणजे कल्याणपासून बदलापूरपर्यंतचे तीसेक डॉक्टर. महिन्यातून एकदा जमून एकमेकांच्या अपरोक्ष एकमेकांबद्दल बोलायचं आणि बटाटेवडे खायचे, हा त्याचा उद्देश. बाईंची ओळख मी 'माझ्याकडे असिस्टंट आहेत' अशी करून दिली. त्यावर चर्चा झाली ती जीभ कोणाच्या हद्दीत येते, याची. एक म्हणाला, हे बोलण्याच्या तज्ज्ञांचं काम आहे. दुसरा म्हणाला, स्नायू आले म्हणजे मालिश-व्यायामवाल्यांचं. तिसरा म्हणाला, दातांच्या आत आहे म्हणजे आपलंच, पण आपल्याला वेळ नाही. अंबरनाथ आणि उल्हासनगरच्या हद्दीवर पडलेला कचरा दोन्ही पालिका एकमेकींचा आहे म्हणून सांगतात, त्यातलाच हा प्रकार होता.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि डबा उघडून प्रत्येकाच्या हातात एकेक दोरा ओवलेलं बटण दिलं. "धुतलेली आहेत," त्या म्हणाल्या. "ओठांच्या आत ठेवा." चेष्टा म्हणून सगळ्यांनी ठेवलं. बाई रांगेने दोरे ओढत गेल्या. तीस तज्ज्ञांपैकी सव्वीस जणांची बटणं बाहेर आली, आणि अध्यक्षांचं तर उडून त्यांच्याच वड्याच्या बशीत पडलं. "तुम्ही लोक दुसऱ्याच्या तोंडात दिवसभर हात घालता," बाई म्हणाल्या, "स्वतःचं तोंड कधी बघत नाही." मंडळाने त्यांना परत बोलावलं नाही.

आता कोमलची गोष्ट सांगतो. तिच्यामुळे बाईंचं नाव झालं, म्हणजे खरं तर माझं झालं. कोमल दहा वर्षांची. तिच्या वडिलांचं कॅम्पात जीन्सच्या पँटींचं दुकान होतं. तिची फटही तारांनी मिटली आणि परत उघडली. बाईंनी तिला हातात घेतलं. पोरगी गुणाची. वहीत खुणा करून रोज घोट मोजायची, साबुदाणा कधी हलू द्यायची नाही. बाईंच्या समोर ती इतकं सुरेख गिळायची की मी डेंटल कॉलेजच्या मुलांना आणून दाखवलं. आणि तरी वर्ष झालं तेव्हा जीभ परत पुढे, फट होती तशी. वडील दवाखान्यात येऊन सगळ्यांदेखत म्हणाले, "डॉक्टर साहब, एक साल से लडकी पानी गिन गिन के पी रही है. दात वहीं के वहीं. ये मॅडम डॉक्टर है भी क्या?"

"डॉक्टर नहीं हूँ," बाई म्हणाल्या. "इसीलिए जीभ तक पहुंची. डॉक्टर लोग दात के आगे जातेच नहीं."

बाहेर त्या अशा बोलल्या, पण नंतर खोलीत जाऊन बसल्या आणि मला म्हणाल्या, "डॉक्टर, माझं कुठेतरी चुकतंय. पोरगी खोटं बोलत नाही. ती माझ्यासमोर बरोबर गिळते. मग बिघडवतं कोण?" मला वाटलं, आता या स्वतःच सोडून जातील आणि पाटीचा प्रश्न मिटेल. असं मला वाटलं होतं, हे मी इथे लिहून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी बाई खोलीत गेल्याच नाहीत. बाहेरच्या बाकावर पेशंटांमध्ये बसून राहिल्या. दुपारी मी एकाच्या तोंडात हात घालून उभा असताना त्या आत आल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर, बाहेर या. आत्ता." मी गेलो. बाकासमोर पाण्याचा फिल्टर होता, त्यावर दोन स्टीलचे ग्लास, आणि वर भिंतीवर लाल रंगात लिहिलेली पाटी होती, 'भांड्याला तोंड लावू नये'. दवाखान्याच्या पूजेच्या दिवशी आईने ती मुद्दाम करून घेतली होती. कोमल नुकतीच खोलीत एकटीच बसून साबुदाण्याचे पन्नास घोट गिळून बाहेर आली होती. तिने ग्लास भरला, मान मागे टाकली, ग्लास वीतभर उंच धरला आणि वासलेल्या तोंडात धार सोडून गटागटा पाणी प्यायली. तोंड उघडं, दात उघडे, आणि जीभ बाहेर पडायला टपलेली.

"सकाळपासून अकरा पोरं बघितली," बाई म्हणाल्या. "अकराही अशीच प्यायली. विचारलं तर घरी पण असंच, शाळेत बाटलीने पण असंच. मी गिळण्याचे व्यायाम पुस्तकातून घेतले आणि तसंच 'घोट घ्या' म्हणत होते. पुस्तक लिहिणारे कपाला ओठ लावून पितात हो. मला हे सुचलंच नाही. मी दिवसात पन्नास घोट शिकवते आणि तुमची पाटी बाहेर ते पुसते. ही पाटी काढा."

मी म्हणालो, "बाई, स्वच्छतेचा प्रश्न आहे."

"स्वच्छतेसाठी ग्लास धुतात."

"लोक ऐकायचे नाहीत. कोणाच्याही ग्लासला तोंड कोण लावेल? आणि आईने लावलेली आहे."

बाई आवाज चढवून कधी बोलत नसत, तेव्हाही बोलल्या नाहीत. "माझा बाप लहानपणी बारवी नदीच्या पलीकडच्या गावात मजुरीला जायचा," त्या म्हणाल्या. "छप्पन सालच्या आधीची गोष्ट, आम्ही अजून बौद्ध झालो नव्हतो. तहान लागली की ओट्याखाली उकिडवं बसायचं, ओंजळ तोंडाला लावायची, वरून कोणीतरी पाणी ओतणार. ओतणारा थांबला की तहान संपली. पुढे आम्ही अंबरनाथला आलो, घरात नळ आला, ग्लास आले. बाप मरेपर्यंत वरूनच प्यायचा. आई म्हणायची, अहो, आपल्याच घरात आहात. तर म्हणायचा, सवय आहे. त्याला मी काही शिकवू शकले नाही. या पोरांना शिकवू द्या."

मी स्वतः स्टुलावर चढलो आणि पाटी काढली. या एका कृत्याच्या जोरावर पुढची कित्येक वर्षं मी स्वतःला सुधारक समजत होतो. भिंतीवर दोन खिळे तेवढे राहिले. बाई त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "खिळे तयारच आहेत डॉक्टर. नावाची पाटी इथेच लावली तरी चालेल." मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

मग बाईंनी नियम केला. प्रत्येक मुलाने स्वतःचा ग्लास आणायचा, त्यावर भांड्यांच्या दुकानातून नाव कोरून घ्यायचं, आणि घरी, शाळेत, इथे, ओठ लावूनच प्यायचं. दवाखान्यात एक फळी लागली आणि तिच्यावर कोमल, प्रज्ञा, साहिल, वैष्णवी असे ओळीने ग्लास उभे राहिले. आई एकदा बदलापूरहून आली, ती फळी बघितली आणि 'सगळा उष्टवडा मांडलायस' म्हणून पाणी न पिताच गेली. सहा महिन्यांत कोमलची जीभ जागेवर बसली. मी परत दात मिटवले आणि ते मिटलेले राहिले. तिचे वडील मिठाईचा खोका घेऊन आले, तो त्यांनी माझ्या टेबलावर न ठेवता बाईंच्या खोलीत नेऊन दिला आणि म्हणाले, "मॅडम, माफ करना. काम आपनेच किया." पुढे कॅम्पातून 'जीभवाली मॅडम'ला विचारत लोक यायला लागले. वांगणीकडच्या पाड्यांवरून पोरांना घेऊन आया यायच्या. त्यांना जिन्यात बाईंचं नाव कुठेच दिसत नसे, म्हणून त्या आधी टकलावर केस उगवून देणाऱ्याकडे जाऊन यायच्या.

एवढं झाल्यावर हा विषय अर्थातच प्रतिष्ठित झाला. एका वर्षी कल्याण रोडच्या हॉटेलात दोन दिवसांचं शिबिर लागलं. कोट घातलेले एक व्याख्याते आले. त्यांनी जिभेच्या व्यायामांना एक लांबलचक इंग्रजी नाव दिलं आणि रबराचे तुकडे भरलेली एक डबी दिली. साबुदाण्याचं काम तेच तुकडे करणार होते, फक्त ते परदेशातून आले होते. ज्या मंडळींची बटणं उडाली होती ती सगळी पहिल्या रांगेत होती. बाई माझ्याबरोबर आल्या होत्या. जेवणानंतर त्यांनी शेजारून मला कोपर मारलं आणि म्हणाल्या, "एकोणीस जण झोपलेत. एकोणिसांचीही तोंडं उघडी." मग उठून त्यांनी व्याख्यात्यांना विचारलं, "सर, आमच्याकडे पाणी वरून पितात. तुमच्या डबीत त्याचं काय आहे?" व्याख्याते म्हणाले, प्रश्न छान आहे, चहाच्या वेळी बोलू. चहाच्या वेळी ते फोटो काढून घेत होते. संध्याकाळी सगळ्यांना सर्टिफिकेटं मिळाली. बाईंना मिळालं नाही, कारण ते फक्त डॉक्टरांसाठी होतं. दोन दिवस आधी ज्यांना जीभ हा चवीचा अवयव वाटत होता, त्यांच्या पाट्यांवर पुढच्या आठवड्यात तिचं नाव चढलं. माझ्याही चढलं.

त्या वर्षीच्या मंडळाच्या वार्षिक संमेलनात मी निबंध वाचला. विषय, 'वरून पाणी पिण्याची सवय आणि जिभेचा धक्का'. फळीवरच्या ग्लासांचे फोटो पडद्यावर दाखवले. कोमलचे आधीचे आणि नंतरचे दात दाखवले. 'आमच्या असं लक्षात आलं', 'आम्ही असा प्रयोग केला', असं मी बोलत होतो. शेवटी 'माझ्या टीमचे आभार' म्हणालो. अध्यक्षांनी मला शाल आणि नारळ दिला. बाई सातव्या रांगेत बसल्या होत्या. मला स्टेजवरून त्यांचा चेहरा दिसत होता, आणि त्या आयुष्यात पहिल्यांदा कोणाच्याही तोंडाकडे बघत नव्हत्या. पर्सचा बंद बोटाला गुंडाळत खाली बघत होत्या.

सोमवारी त्या आल्या, खोली आवरली, बटणांचा डबा पिशवीत टाकला. मी बोलायला सुरुवात केली. निबंधात नावं घालायची पद्धत नसते, पुढच्या वेळी नक्की, पाटीचंही आता बघूच, असं बरंच काही. त्यांनी माझं पहिलं वाक्यही पुरं होऊ दिलं नाही.

"डॉक्टर, तोंड मिटा," त्या म्हणाल्या, आणि गेल्या.

नंतरची दोन वर्षं मी रबराच्या डबीवर काढली. मुलांना कंटाळा यायचा, मला मुलांचा कंटाळा यायचा. फळीवरचे ग्लास एकेक करून घरी गेले. एका सकाळी मी मिटवलेली तिसरी फट उघडलेली बघितली आणि दुपारी बाईंच्या नावाच्या पितळी पाटीची ऑर्डर दिली. मला पश्चात्ताप झाला होता असं लिहायला आवडलं असतं. खरं कारण हे, की माझे दात टिकत नव्हते आणि मला बाई परत हव्या होत्या.

पाटी वर्तमानपत्रात गुंडाळून मी अंबरनाथला गेलो. त्यांचं घर शोधावं लागलं नाही. गल्लीच्या तोंडाशीच पांढऱ्या पत्र्यावर निळ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'हिरा रोकडे. जीभ, ओठ आणि गाल यांच्या स्नायूंचं शिक्षण'. सहा वर्षं ज्या कामाला मला नाव सापडलं नव्हतं, त्याला एका रंगाऱ्याच्या मदतीने त्यांनी दिलं होतं. पुढची खोली मुलांनी भरलेली. भिंतीला फळी, तिच्यावर चाळीस-पन्नास ग्लास, वरच्या कोनाड्यात बुद्धांची लहानशी मूर्ती. मुलं आरशासमोर बसून गिळत होती. बाईंनी मला बाकाच्या टोकाला जागा करून दिली. मी पाटी उघडून दाखवली. त्यांनी ती हातात घेतली, वाचली, उलटी करून मागची बाजूही बघितली.

"नाव बरोबर लिहिलंय," त्या म्हणाल्या. "घेऊन जा. मला लागली तेव्हा नव्हती. उन्हातून आलात, पाणी देते."

त्या आत गेल्या आणि ग्लास घेऊन आल्या. घरातला स्टीलचा ग्लास, पोटावर मशीनने कोरलेलं 'हिरा रोकडे'. ते नाव वाचतच मी ग्लास घेतला, मान मागे टाकली, ग्लास उंच धरला आणि वरून पाणी प्यायलो. चार घोट. ते नाव माझ्या डोळ्यांसमोरून वर गेलं आणि खाली आलं. मी ग्लास बाकावर ठेवला. त्याचा काठ कोरडा होता.

खोलीतलं गिळणं थांबलं होतं. वेण्या घातलेली एक मुलगी आरशातून माझ्याकडे बघत म्हणाली, "बाई, हे वरून प्यायले."

बाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. "सवय आहे," मी म्हणालो.

म्हणालो आणि मलाच ऐकू आलं. घरी मी तसाच पितो, हॉटेलातही तसाच पितो, हे सगळं खरं होतं. पण मंडळाच्या मित्रांच्या घरी मी कपाला तोंड लावूनच चहा पितो, हेही खरं होतं. वरून पिण्यावर मी निबंध वाचून शाल घेतली होती. मला आईची ती लाल पाटी आठवली. भिंतीवरून काढली म्हणजे ती निघाली असं मी धरून चाललो होतो. मला लाज वाटली, आणि ती मला त्या मुलांसमोर वाटली म्हणून जास्त वाटली.

बाईंनी ग्लास उचलला, आत जाऊन परत भरून आणला आणि माझ्या हातात दिला. "ओठ लावा," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज मुलांशी बोलताना असायचा तसाच होता. "जीभ जाग्यावर. दात दातावर. ओठ मिटा. आता गिळा."

मी गिळलं. अर्धं पाणी हनुवटीवरून शर्टावर आलं. मुलं हसली. बाईंनी त्यांना गप्प केलं आणि वहीत माझं नाव लिहिलं.

"सहा महिने लागतील," त्या म्हणाल्या. "शनिवारी येत जा, साडेचारला."

"ग्लास घेऊन येतो," मी म्हणालो. नियम मला पाठ होता. प्रत्येकाने स्वतःचा ग्लास आणायचा, त्यावर स्वतःचं नाव.

"तुम्ही नाही आणायचा," बाई म्हणाल्या. "तुम्ही ह्याच ग्लासातून प्यायचं."